काशीकरबाईंच्या बाकावर

दुपारी तुरीची डाळ निवडत बसले होते. समोर डब्याला टेकवून सुनेचा मोबाईल ठेवलेला. त्यावर ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ लावलं. विजय तेंडुलकरांचं नाटक १९६७चं, त्यावर सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये काढलेला हा सिनेमा. बी.ए.ला असताना नाटक वाचलं होतं, परीक्षेपुरतं. आता पन्नाशी ओलांडल्यावर बघितलं, तर डाळ तशीच राहिली बगा.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. मुंबईची हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा खेळ करायला येतात. वेळ घालवायला खोटा खटला मांडतात. आरोपी कोण, तर शाळेतल्या बेणारेबाई. आरोप भ्रूणहत्येचा. सगळं गमतीत! आणि गमतीगमतीत त्या एकट्या बाईचं पोट, प्रेम, नोकरी, सगळं चव्हाट्यावर येतं. गावचा भोळा सामंत कादंबरीतलं वाचून साक्ष देतो आणि तीच खरी निघते. ज्या प्राध्यापक दामल्यांमुळे हे झालं, ते आलेलेच नसतात. त्यांच्यावर खटला नाही.

फ्रान्सच्या इओनेस्कोचं एक नाटक आहे, त्यात गावातली माणसं एकेक करून गेंडे होत जातात. त्याचाही १९७४ मध्ये सिनेमा झाला. तेंडुलकरांना शिंगं लावावी लागली नाहीत. आपली माणसं कोट-टोपीतच गेंडे होतात.

सुलभा देशपांडे बेणारे झाल्यात. शेवटचं लांबलचक स्वगत तेंडुलकरांनी अरविंद देशपांड्यांच्या आग्रहावरून लिहिलं. नाटकात त्या वेळी बाकीचे सारे थिजतात, आणि थिएटरात आपण लांब, अंधारात सुरक्षित असतो. सिनेमात गोविंद निहलानींचा कॅमेरा बाईच्या तोंडाजवळ जातो. मला तिथं नजर वळवावीशी वाटली. एक मात्र म्हणेन, एका खोलीतलं नाटक पडद्यावर कुठं कुठं जड होतं. बोलणं थांबतच नाही. पण ते जडपणही कामाला येतं. दाराची कडी अडकलेली, बाईला बाहेर पडता येत नाही, आणि आपल्यालाही नाही.

मामाचा भाग येतो तिथं मी थबकले. बेणारे पोरवयात मामावर जीव लावते, ते तिच्या पापात मोजतात. आमच्या सीमाभागात कित्येक घरांत मामाशी लग्न ही रीतच होती, आहेर होत, पंगती उठत. म्हणजे जे इथं मांडवात, ते तिथं पिंजऱ्यात! मग पाप कशाला म्हणायचं, हे ठरवतं कोण?

पण मला झोंबल्या त्या काशीकरबाई. नवरा त्यांना दर वाक्याला गप्प बसवतो. आणि याच बाई बेणारेला ओढत पिंजऱ्यात नेतात. आपल्याला कुणी बोलू देत नाही, म्हणून दुसरीला दाबायला मिळालं की किती जोर येतो अंगात!

मैत्रिणींनो, मी त्या बाकावर बसले आहे. एका दशलक्षण पर्वात, प्रवचन संपल्यावर मंदिराच्या ओट्यावर एका विधवा मुलीचा विषय निघाला. कुणीतरी हसत म्हणालं, चला, कोर्ट भरवू. मी काही बोलले नाही, हसले. पर्व संपल्यावर सगळ्यांनी एकमेकींची क्षमा मागितली. तिची कुणी मागितली नाही. पुढे ती मंदिरात यायची बंद झाली.

सिनेमातला निकाल ऐका. भ्रूणहत्येसाठी उभी केलेली बाई; तिला शिक्षा काय, तर पोटातलं मूल नष्ट करा! आपण पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो. इतका जीव जपणाऱ्या आपण त्या ओट्यावर काय ठरवत होतो? निकालानंतर बेणारे पडून असते आणि सामंत तिच्याजवळ कापडाचा हिरवा पोपट ठेवतो. त्याला दुसरं काही सुचत नाही.

ती मुलगी आता बसवकल्याणला शिवणकाम करते, असं कळलं. आमच्या मंठाळहून एसटी जाते.