तंजावरच्या पाटीवरचा समुद्र

रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहायची जुनी रीत आहे. तंजावरची ती ओळ नीट वाचायची तर आधी नागपट्टणला जायला हवं. १९९१ पर्यंत ते याच जिल्ह्यात होतं. भारताच्या उंचीचा शून्य १९०९ साली नऊ बंदरांवरून ठरला. मुंबईचं अपोलो बंदर त्यांतलं एक, नागपट्टण दुसरं.

जुन्या भरतीमापकाची रचना मला फार देखणी वाटते. पाण्यात उभा नळ, त्याला खाली बारीकसं भोक. लाटांचा धिंगाणा बाहेरच राहतो, आतलं पाणी सावकाश चढतं-उतरतं. त्यावरच्या तरंगकाची तार चाकावरून जाते आणि फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर पेन्सिल रेघ ओढत राहते. वर्षानुवर्षांच्या अशा रेघांची सरासरी, तो आपला शून्य.

हिशेबात नऊही ठिकाणचा समुद्र एका पातळीत धरला होता. तसा तो नाही. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं, गोदावरीचं गोडं पाणी येतं. ते हलकं, म्हणून तिथली पातळी अरबी समुद्राहून उंच. खोल तळावर ठेवलेल्या दाबमापकाला ही उंची जवळजवळ जाणवतच नाही, कारण तो पाणी तोलतो. पाणी तापून फुगलं तरी त्याचा काटा हलत नाही. बर्फ वितळून भर पडली की हलतो.

१६ नोव्हेंबर २०१८ ला ‘गज’ चक्रीवादळाने नागपट्टणजवळ किनारा गाठला आणि तंजावरच्या नारळीबागा आडव्या केल्या. वाऱ्याने लोटलेलं पाणी वेगळं. पण हवेचा दाब एक हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो. तरंगक तो चढ टिपतो. तळाला मात्र हवा जेवढी कमी, तेवढंच पाणी जास्त, बेरीज तीच!

त्सुनामी मात्र तळाच्याच मापकाने पकडावी. भर समुद्रात ती जहाजाखालून निघून जाते आणि जहाजाला पत्ता लागत नाही. हा मापक काही किलोमीटर पाण्याखालून सेंटिमीटरभराचा फरक सांगतो. २००४ साली नागपट्टणची हजारो माणसं गेली, तेव्हा हिंदी महासागरात ही सोय नव्हती. आता हैदराबादचं ‘इन्कॉइस’ हे सागरी माहिती केंद्र या नोंदींवर डोळा ठेवून असतं.

२०१३ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘सरल’ उपग्रहाने सुमारे ८०० किलोमीटरवरून समुद्राची उंची मोजली. किनारा खचला तर भरतीमापक फसतो, उपग्रह फसत नाही. आणि वरून मोजलेल्या चढातून तळाने तोललेली भर वजा केली की उरतो तो पाण्याचा फुगवटा: मुख्यतः समुद्राने पोटात घेतलेली उष्णता.