चौकातला दामोदर आणि आत्मवृत्तातला दामोदर

चिंचवडच्या चापेकर चौकातून तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. (चापेकर की चाफेकर, हा वाद आज नको.) तिथल्या पुतळ्यांमागची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. १८९७ चा प्लेग, पुण्यात घरोघर शिरणारे गोरे सोजीर, प्लेग कमिटीचा अध्यक्ष रँड, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर ‘गोंद्या आला रे’. दामोदरने रँडवर गोळी झाडली, बाळकृष्णाने आयर्स्टवर. आयर्स्ट तिथेच गेला, रँड ३ जुलैला. १८ एप्रिल १८९८ ला दामोदर येरवड्यात फासावर चढला, तेव्हा त्याचं वय होतं २८.

आज आम्हाला बोलायचंय ते त्याने तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्ताबद्दल. कारण ते वाचायला घेतलं की ही पाठ गोष्ट जागची हलते. प्लेग येतो तो बराच उशिरा. त्याआधी काय आहे? कीर्तनकार वडिलांबरोबरची भटकंती, तालीम, पोरं जमवणं, सैन्यात शिरायची धडपड आणि ती फसल्याची चीड. मग मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासणं, मॅट्रिकच्या परीक्षेचा मांडव जाळणं. आणि मारहाणी. सुधारकांना, ख्रिस्ती झालेल्यांना. हे तो लपवत नाही, उलट मिरवतो.

म्हणजे रँड हा काही आरंभ नव्हे. सोजिरांनी देवघरं बाटवली, बायकांची अब्रू घेतली, हा त्याचा संताप खराच आहे. प्लेगच्या त्या बंदोबस्ताविरुद्ध पुण्यात मवाळांपासून जहालांपर्यंत सगळेच ओरडत होते. पण दामोदर त्याला नाव देतो ते धर्मावरच्या घाल्याचं. ज्या हाताने तो सुधारकाला बदडतो, त्याच हाताने पिस्तूल उचलतो, आणि त्याच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. पाठ्यपुस्तकाने यातली एक ठेवली, दुसरी गाळली. आमचा आक्षेप आहे तो या गाळण्याला.

यावर एक शंका हमखास निघते. पोलिसांच्या ताब्यात लिहिलेल्या मजकुरावर किती विसंबायचं? शंका रास्त आहे. याचा पहिला वाचक सरकारच होतं, हे पान उलटताना विसरून चालत नाही. पण असं बघा, ज्याला मान सोडवायची आहे तो माणूस कुणी न विचारलेला मांडव कशाला जाळून दाखवेल? तपशिलात फुगवटा असेलही. सुरावर मात्र आम्ही भरवसा ठेवतो. तो सूर कीर्तनकाराच्या पोराचा आहे: आधी उपदेश, मग आख्यान, आणि आख्यानातला नायक तो स्वतःच. समोर श्रोते बसलेत असंच धरून तो बोलतो. आमच्या मते या लेखनाची ताकद तिथे आहे, आणि खोटही तिथेच. कारण आख्यानात समोरच्याला चेहरा नसतो. मार खाणारा सुधारक, घोडागाडीतला आयर्स्ट, कुणालाच नाही.

जयू आणि नचिकेत पटवर्धनांचा ‘२२ जून १८९७’ हा १९७९ चा चित्रपट जमला तर बघा. पुतळ्यापेक्षा तो या माणसाच्या कितीतरी जवळ जातो.

आणि जे आत्मवृत्तात असूच शकत नाही, तेही याच गोष्टीचा भाग आहे. ८ फेब्रुवारी १८९९ ला धाकटा वासुदेव आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना ठार केलं. बक्षिसासाठी माहिती दिली म्हणून. इथे ना रँड, ना सोजीर. मारणारे पुण्याचे, मेलेले पुण्याचे. त्या मे महिन्यात पाच दिवसांत तीन फाशा झाल्या: ८ ला वासुदेव, १० ला रानडे, १२ ला बाळकृष्ण. दामोदरने वर्षभर आधीच लेखणी ठेवलेली होती. या भागाचं आख्यान कुणी लावलं नाही.