भयपटाचे संशोधन आणि उसन्या चौकटी : ‘तुंबाड’च्या निमित्ताने

चित्रपट-अभ्यासात भयपट हा विषय आता पदव्युत्तर व पीएच.डी. स्तरावर रुळला आहे. त्याला प्रतिष्ठा मिळवून देण्यात तीन मांडण्यांचा वाटा मोठा आहे : रॉबिन वुड यांचा १९७९ मधील दमनविषयक विचार, कॅरल क्लोव्हर यांची १९८७ मधील ‘अखेरची मुलगी’ ही संकल्पना आणि बार्बरा क्रीड यांच्या १९९३ च्या ग्रंथातील ‘राक्षसी स्त्रीरूपा’ची चिकित्सा. संशोधक विद्यार्थी त्यांच्याकडे वळतो हे स्वाभाविकच आहे. अडचण येते ती चौकट आधी आणि चित्रपट नंतर, असा क्रम लागला म्हणजे. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाच्या आधारे ही अडचण येथे तपासली आहे.

देवीचे गर्भाशय, विहिरीखालच्या मांसल भिंती आणि साखळदंडाने बांधलेली शापित आजी पाहताच क्रीड यांची चौकट हाताशी येते. परंतु येथे देवी भयंकर नाही. भय आहे ते तिच्या उदरातील हस्तरचे आणि तेथे सुवर्णमुद्रा लुटण्यासाठी उतरणाऱ्या पुरुषांचे. म्हणजे स्त्रीदेह भयाचे कारण नसून लुटीचे स्थळ आहे. चौकट न उलटता वापरल्यास चित्रपटाचा आरोप नेमका बळीवरच ढकलला जातो.

क्लोव्हर यांची अखेरची मुलगी शस्त्र उचलून तगते. ‘तुंबाड’मध्ये शेवटी उरतो तो विनायकचा मुलगा पांडुरंग. तो हस्तरला हरवीत नाही. बापाने पुढे केलेला वारसा नाकारतो. प्रतिकारापेक्षा नकार निर्णायक ठरतो, आणि हा भेद शोधप्रबंधात नोंदविण्याजोगा आहे.

वुड यांच्या मते दडपलेले तेच राक्षसरूपाने परतते. येथे मात्र लोभ कोणी दडपलेला नाही. तो उघड कुलाचार झाला आहे. १९१८ च्या प्रसंगात विनायकची आई एका मुद्रेच्या आशेने सरकारांची सेवा करते. वाडा, विधवेचे परावलंबन आणि ब्राह्मण घरातील वारसाहक्क हीच येथील ‘सामान्य’ व्यवस्था आहे, आणि तीच भक्षक आहे.

याचा अर्थ पाश्चात्त्य सिद्धान्त त्याज्य आहेत असा नव्हे. ते कोठे अडतात, हे दाखविणे हाच खरा निष्कर्ष होय. कार्तिक नायर यांनी २०२४ च्या ग्रंथात मुंबईच्या भयपटांतील सदोष रंगभूषा, सेन्सॉरच्या कात्र्या आणि झिजलेल्या प्रती यांनाच पुरावा मानले. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) सारख्या चित्रपटांकडे त्यामुळे निव्वळ हसण्याचा विषय म्हणून पाहणे कठीण झाले.

मराठी विद्यार्थ्याजवळही असा पुरावा आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथा, कोकणातील वाड्यांविषयीच्या समजुती, आजीने झोपविताना घातलेली भीती, हे सारे त्याला ठाऊक असते. प्रबंध लिहिताना मात्र ते ‘अशास्त्रीय’ म्हणून बाजूला ठेवण्याचा मोह होतो. मार्गदर्शकांनी तो मोह वाढवू नये. आपल्याला ठाऊक असलेले तपासून मांडणे म्हणजेच संशोधन. ते लपवून उसने मांडणे ही केवळ परीक्षेची तयारी होय.