‘उचल’ आणि संघटना : ऊसतोडीच्या परिभाषेचा विचार

कामगारांनी संघटना बांधू नये यासाठी मालकवर्ग कोणते उपाय योजतो, या प्रश्नाचे विवेचन आपल्याकडे बहुधा गिरणी किंवा कारखाना डोळ्यांपुढे ठेवून झालेले आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांसंबंधीच्या कायद्याने अशा उपायांची गणनाच केली : संघात सामील झाल्यास कामावरून काढण्याची धमकी, टाळेबंदीचा धाक, आणि संघटना आकार घेत असतानाच नेमकी दिलेली वेतनवाढ. ही गणना मार्मिक आहे. परंतु धाक घालणारा व धाक सोसणारा हे परस्परांस मालक व कामगार म्हणून ओळखतात, हे तिच्यात गृहीत धरलेले दिसते. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील उसाच्या फडात हे गृहीत टिकत नाही.

या जिल्ह्यात प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केले, आणि पुढे सहकारी कारखानदारी विस्तारली. कारखान्याच्या फाटकाआतील कामगाराची हजेरी आहे, हुद्दा आहे, त्यामुळे संघटनाही आहे. पाथर्डी-शेवगावच्या अवर्षणप्रवण भागातून हंगामापुरता फडावर येणारा तोडणी कामगार मात्र मुकादमाशी बांधलेला असतो. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. आणि ऊस ज्याचा तो शेतकरी सभासद या नात्याने कारखान्याचाच मालक ठरतो. मागणी कोणापुढे मांडावी, हेच जेथे अनिश्चित, तेथे धमकीची गरज उरत नाही.

हे कार्य परिभाषा करते. ‘उचल’ हा शब्द पाहावा. हंगामापूर्वी हाती पडणारी ही रक्कम वस्तुतः पुढील श्रमाचे मोल होय. परंतु ‘उचलणे’ या क्रियेचा कर्ता कामगार असल्याने देणारा मालक शब्दातून नाहीसा होतो आणि घेणारा ऋणको तेवढा उरतो. कामगार काम थांबवू शकतो. ऋणकोने काम थांबविले तर ते देणे बुडविणे ठरते. संपाला नैतिक दोष चिकटतो तो येथे.

दुसरा शब्द ‘कोयता’. पती-पत्नींची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हत्याराच्या नावाने माणसे मोजली जातात, आणि एका कोयत्याच्या हिशेबात स्त्रीचे श्रम स्वतंत्रपणे नोंदले जात नाहीत. जिचे नाव हिशेबात नाही, ती संघटनेची सभासद कोणत्या नात्याने होणार?

यावर असा आक्षेप संभवतो की, तोडणी कामगारांचे संप झाले आहेत आणि दरवाढीही मिळाल्या आहेत. ते खरे आहे. हंगामाच्या तोंडावर गाळप अडविण्याचे सामर्थ्य त्यांनी अनेकदा प्रकट केले. जानेवारी २०२४ मधील तडजोडीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. परंतु त्याच तडजोडीत मुकादमाच्या कमिशनचाही निर्णय झाला, हे विसरता येत नाही. उचल वसूल करणारा आणि उचल फेडणारा एकाच मागणीपत्रात शेजारी बसतात; त्यामुळे दराचा प्रश्न सुटतो, उचलीचा उपस्थितच होत नाही.

सारांश, संघटनेस होणारा विरोध केवळ मालकाच्या कृतीत शोधणारा अभ्यास अपुरा ठरतो. तो हिशेबाच्या वहीतील शब्दांतही शोधला पाहिजे. ‘उचल’ जेव्हा ‘आगाऊ मजुरी’ म्हणून आणि ‘कोयता’ दोन नावांनी नोंदला जाईल, तेव्हाच फडातील माणूस कामगार म्हणून मागणी मांडू शकेल.