चाळीचा एकोपा शिकवताना

शहरातील घरे आणि सामाजिक सलोखा हा विषय विद्यार्थ्यांपुढे मांडायचा म्हटले की आपल्याकडे हटकून चाळ पुढे केली जाते. उघडी दारे, सामाईक गॅलरी, गणपती, एकाच्या घरी मयत झाली की मजल्यावर कुणाची चूल पेटत नाही. मग फ्लॅटची बंद दारे दाखवून हळहळायचे. साक्षीला ‘बटाट्याची चाळ’ (१९५८). पुलंवर हा अन्याय आहे असे मला वाटते. त्यांची चाळ प्रामुख्याने पांढरपेशांची आहे आणि ती साऱ्या मुंबईची असल्याचा दावा त्यांनी कुठेही केलेला नाही. तो आपण शिकवणाऱ्यांनी चिकटवला.

गिरगावातून वरळीला या. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या. मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. इथे दर्शनी गॅलरीसुद्धा नाही. मधून बोळ आणि दोन्ही अंगांना दारे. माणसे एकमेकांना धरून राहिली हे खरेच. पण धरायचे कुणाला, हे पुष्कळदा नातेगोते, गाव आणि जात यांनी आधीच ठरवलेले असे. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरच्या सभेवर दगडफेक झाली आणि दंगल याच चाळींत पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात परळला भागवत जाधव मारले गेले. सामाईक नळ आणि सामाईक जिना असूनही हे घडले. एकोप्याच्या धड्यात ही तारीख मला अजून भेटलेली नाही.

बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा (संग्रह १९६३) दलित साहित्याच्या तासाला शिकवली जाते. ती घरांच्या प्रश्नाची कथा म्हणून कुणी वाचत नाही. नोकरीसाठी उधन्याला गेलेल्या नायकाला नोकरी मिळते, पण खोलीचा विषय निघाला की जात विचारली जाते. भाडे भरायची ऐपत आणि छप्पर यांच्यामध्ये उभी असलेली ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात मावत नाही.

तक्ते नकोत असे नव्हे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाडेकरू तगला, मालकाने दुरुस्ती सोडली, पागडी फोफावली. ही साखळी कळल्याशिवाय पडक्या चाळीविषयीचा जिव्हाळा निव्वळ गहिवर राहतो. २०११च्या जनगणनेत मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. त्यांच्या वाट्याला तर हा गहिवरही येत नाही.

मला सुचवायचे ते साधे आहे. वर्गाच्या फरशीवर खडूने सोळा बाय दहाचा चौकोन आखावा. सात जणांनी त्यात आडवे होऊन दाखवावे, चूल आणि मोरीची जागा सोडून. हशा पिकेल, पिकू द्यावा. मग विचारावे, की ही खोली कुणाला मिळाली आणि कुणाला मिळाली नसती? त्यानंतर बागुलांची कथा वाचावी. तिच्या जोडीला अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा २००५चा निकाल ठेवावा. सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा सोसायटीचा नियम त्यात वैध ठरला. छोट्या समाजाला आपली वसाहत टिकवायचा हक्क असावा की नाही, यावर मुलांनी भांडावे. माझे मत विचाराल तर नियम लेखी असला म्हणजे निदान त्याच्याशी वाद तरी घालता येतो. ‘खोली कालच गेली हो’ या उत्तराशी तोही घालता येत नाही.