पॅव्हिलंडची 'तांबडी बाई'

विल्यम बकलंड यांचें 'रेलिक्विए डिलुव्हिएने' (१८२३) हें पुस्तक आतां भूगर्भशास्त्रासाठीं कोणी वाचीत नाहीं. गुहांतील हाडांवरून जगद्व्यापी महापूर सिद्ध करावा हा त्याचा हेतु. ती उपपत्ति पुढें १८३६ सालीं खुद्द ग्रंथकारानेंच सोडली. तथापि वेल्समधील पॅव्हिलंडच्या 'गोट्स होल' गुहेसंबंधींचा त्यांतील भाग जुनीं साधनें हाताळणारानें अवश्य वाचावा असें आम्हांस वाटतें.

१८२३ च्या जानेवारींत बकलंड यांनीं या गुहेंत गेरूनें माखलेला, शिर नसलेला मानवी सांगाडा उकरला. बरगड्यांपाशीं हस्तिदंती काड्यांचे ४०-५० तुकडे, मांडीशीं दोन मुठी लहान शंख, जवळच मॅमथचें डोकें. निर्णय दिला तो असा कीं, ही कोणी स्त्री असून वरील टेकाडावरच्या जुन्या छावणीच्या काळची, म्हणजे रोमन स्वारीच्या आगेंमागें होऊन गेलेली. पुढें 'तांबडी बाई' हें नांवच पडलें. सांगाडा तरुण पुरुषाचा आहे व सुमारें ३३,००० वर्षांपूर्वींचा आहे.

कालमापनाचें साधन नव्हतें, तेव्हां चुकीबद्दल आमचा आक्षेप नाहीं. आक्षेप निराळा आहे. हा हस्तिदंत आज हात लागतांच चुरतो, अर्थात् कोरला तेव्हां तो टणक असला पाहिजे व म्हणून वस्तु फार प्राचीन, हें बकलंड स्वतःच लिहितात. इतकें लिहून ते थांबतात! कारण महापुरापूर्वीं त्या देशांत मनुष्य नव्हता, हें आधींच ठरलेलें. मग मागाहूनच्या माणसांनीं गुहेंतलाच जुना दंत काढून कोरला, अशी जोडणी करणें आलें. वंशावळ आधीं पक्की करून मागाहून शक जुळविणारे आपल्यांतही थोडे नाहींत.

मात्र बकलंड यांनीं गैरसोयीचें म्हणून कांहीं दडविलें नाहीं. कोणती वस्तु कोठें होती तें लिहिलें, गुहेचा छेद काढून छापला. १९१२ सालीं प्रो. सोलस यांनीं गुहा पुन्हां खणून सांगाडा पुरुषाचा व पुराणाश्मयुगांतील ठरविला, तेव्हां हें जुनें वर्णन त्यांच्यापुढें होतें.

हाडें आज ऑक्सफर्डच्या संग्रहालयांत आहेत. गुहेंत समुद्रकांठानें जावयाचें तर ओहोटीचे थोडे तासच मिळतात, आणि आंतील थर बहुतेक खणण्यानें व लाटांनीं नाहींसे झाले आहेत. जाणारानें बकलंडच्या छेदाची नक्कल बरोबर न्यावी. सांगाडा कोठें होता हें आतां तींतच पाहावयास मिळतें.