मोजपट्टीच ताणली जाते तेव्हा : 'मोरोविंड' आणि 'ओब्लिव्हियन'

'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतले 'मोरोविंड' (२००२) आणि त्यापुढचा 'ओब्लिव्हियन' (२००६) हे बेथेस्डाचे दोन गेम शेजारी ठेवून पाहू. तुम्ही खेळला नसाल तरी चालेल.

नवा गेम देखणा आहे, त्यातली पात्रे खरोखर बोलतात आणि लढाईही सुधारली आहे. 'मोरोविंड'मध्ये तलवार शत्रूच्या अंगातून जाताना दिसते, तरी वार लागला की नाही हे कौशल्य, थकवा वगैरेंच्या आतल्या गणितावर ठरते. धावत येऊन दमलेल्या नवख्याचे वार चुकतच राहतात. त्याची चिडचिड रास्त आहे.

रस्ता शोधण्याचे मात्र उलटे झाले. 'मोरोविंड'मध्ये सुरुवातीलाच बालमोरा गावाजवळच्या आर्कंगथँड या भग्नावशेषातून एक छोटी पेटी आणायची असते. कुठे जायचे हे सांगितलेले असते, पण पूल, चढण, दार उघडणारा दांडा हे सगळे आपणच शोधायचे. मी स्वतः तिथे एक संध्याकाळ घालवली. तो परिसर आजही डोळ्यांसमोर आहे. 'ओब्लिव्हियन'मध्ये होकायंत्रावर खूण दिसते. आपण खुणेकडे पाहत चालतो आणि आजूबाजूचे रान पाहायचे राहून जाते.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. 'मोरोविंड'मध्ये पुष्कळ शत्रू आणि वस्तू जागच्या जागी नेमून ठेवलेल्या आहेत. ज्या गुहेतून आज पळ काढला, तिथे उद्या जिंकता येते. म्हणजे आपण वाढलो हे कळते. 'ओब्लिव्हियन'मध्ये आपली पातळी वाढली की बहुतेक शत्रूंचीही वाढते. पुढे पुढे तर रस्त्यावरचे साधे दरोडेखोर महागडे ग्लासचे चिलखत घालून आपल्याकडे सुटे पैसे मागतात! प्रयोगशाळेत वस्तूबरोबर मोजपट्टीही ताणली गेली, तर वाचन काय येईल? तसेच हे. गंमत म्हणजे पातळी झोपल्यावरच वाढते, त्यामुळे न झोपता पहिल्याच पातळीवर मुख्य कथानक संपवता येते. ज्या खेळात न वाढणेच सोयीचे ठरते, त्याच्या रचनेत दोष आहे असे मी म्हणेन.

रचनाकारांची अडचणही समजून घ्या. खेळाडू पहिल्या दिवसापासून कुठेही जाऊ शकतो, तेव्हा प्रत्येक जागा त्याला झेपायला हवी. 'मोरोविंड'चा उपायही निर्दोष नाही. शेवटी शेवटी तिथे कुणी तुमच्यासमोर टिकत नाही. 'स्कायरिम'मध्ये (२०११) बऱ्याच ठिकाणांना किमान आणि कमाल पातळीची मर्यादा घातली गेली, ती मला या दोन्हींपेक्षा शहाणपणाची वाटते.

स्वाध्याय : तुमच्या आवडत्या गेममध्ये जिथे पहिल्यांदा हरलात, तिथे दहा पातळ्यांनंतर परत जा. लढाई किती वेळ चालली ते दोन्ही वेळा वहीत लिहा.